कोयंडा काढल्यावर कमरेचं काय होतं: एका मणक्याची सहा वर्षं

२०१८ च्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातल्या एक मावशी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या. तेव्हा वय ५८, वजन ५५ किलो. घरचा ऊस, थोडं सोयाबीन, दोन म्हशी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नाव कुठेच देत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, माझा संबंध येतो तो ऑपरेशन झालेल्या कमरेशी. मावशींच्या कमरेत एकाच पातळीवर, एल ४ आणि एल ५ या, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये, दोन ऑपरेशनं झाली. पहिल्यात मागच्या सांध्यांचा काही भाग काढला, दुसऱ्यात ती पातळी कायमची बंद केली. दोन्ही वेळा एक दुखणं गेलं आणि दोन्ही वेळा भार नव्या जागी जाऊन बसला. तो कुठे गेला आणि का, हे या एका कमरेत इतकं स्वच्छ दिसतं की सविस्तर लिहायचंच असं मी बरेच दिवस मनात धरलं होतं.

खुरपताना बरं, चालताना नाही

त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "बसून दिवसभर खुरपते, तवा काय न्हाई. उभं राहून चालाय लागलं की पाय दगडावानी हुत्यात." घरापासून एसटीचा थांबा चारशे मीटर असेल. तेवढ्या वाटेत त्या दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर बसायच्या. घरच्यांना हे पटत नव्हतं. शेतात चार तास बसून काम करणारी बाई रस्त्यानं चालताना पाय गळाल्याचं सांगते, तर ऐकणाऱ्याला ते खोटंच वाटणार. मावशींना दुखण्यापेक्षा या अविश्वासाचा त्रास जास्त झाला होता, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलं.

खरं तर निदान याच विसंगतीत होतं. पुढे वाकून बसलं की मणक्यांमागची नळी, जिच्यातून पायांच्या नसा खाली उतरतात, थोडी मोकळी होते. सरळ उभं राहिलं, कंबर जरा मागे कलली, की नळीच्या आतल्या बाजूचं पिवळं अस्थिबंधन दुमडून आत येतं, सुजलेले सांधे एकमेकांवर चढतात आणि नळी आवळली जाते. रक्तवाहिन्या आखडल्यामुळे पाय भरून येत असतील तर नुसतं थांबलं तरी बरं वाटतं. मावशींना नुसतं थांबून भागत नव्हतं. बसावं किंवा वाकावं लागत होतं. मी त्यांना मुलाची सायकल ढकलत, हँडलवर वाकून चालून बघा म्हटलं. त्या थांब्यापर्यंत एकदाही न बसता गेल्या. त्या दिवसानंतर घरात कुणी त्यांना नाटकी म्हटलं नाही.

एमआरआयचा रिपोर्ट त्यांच्या पिशवीत होता आणि गावातल्या कुणीतरी त्याचा अर्थही सांगून ठेवला होता: "मणक्यात गॅप पडलाय." हे वाक्य घेऊन कितीतरी जण येतात. मधली चकती, म्हणजे गादी, झिजली की दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं, वाढत नाही. पण गॅप हा शब्द इतका रुजला आहे की मी आता तो खोडत बसत नाही, कागदावर चित्र काढून दाखवते. मावशींच्या कमरेत चकती बसली होतीच, शिवाय एल ४ चा मणका एल ५ वरून पुढे सरकला होता. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत ६ मिलिमीटर, आडवं झोपवून काढलेल्या एमआरआयमध्ये ३. त्याच एमआरआयमध्ये मागच्या दोन्ही सांध्यांत एकेक पांढरी पट्टी दिसत होती, म्हणजे सांध्यांत पाणी भरलेलं. उभं राहिलं की मणका पुढे घसरतो, झोपलं की मागे येतो, आणि मधल्या सांध्याच्या दोन पृष्ठभागांत पाणी मावेल इतकी फट राहते. या दोन खुणा पुढे फार महत्त्वाच्या ठरल्या.

झिजेमुळे होणारी ही घसरण बहुतेक वेळा एल ४–एल ५ याच जागी होते, पन्नाशीनंतर होते, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसते.

मागचा कोयंडा

दोन मणक्यांमध्ये तीन जोड असतात. पुढे चकती आणि मागे डावीउजवीकडे एकेक फॅसेट सांधा. तीन दगडांच्या चुलीसारखी ही मांडणी आहे. एक दगड खचला तर भांडं कलतं आणि भार उरलेल्या दोघांवर जातो. फॅसेट सांधा अंगठ्याच्या नखाएवढा, पण गुडघ्यासारखाच पूर्ण सांधा: कूर्चा, वंगण, पिशवी, आणि दुखणं मेंदूला कळवणाऱ्या नसा, सगळं त्यात आहे.

त्याचं खरं काम समजायला त्याची दिशा बघावी लागते. एल ४ च्या मागून खाली उतरणारी हाडाची दोन टोकं एल ५ च्या वर आलेल्या दोन टोकांच्या आतल्या बाजूला, त्यांच्या मागे अडकून बसतात. दाराचा कोयंडा कडीत अडकावा तसं. एल ४ पुढे घसरायला लागला की हा कोयंडा अडतो. कंबर पिळायला गेलं की एका बाजूचे पृष्ठभाग एकमेकांवर आपटतात आणि पीळ तिथेच थांबतो. म्हणून एल ४–एल ५ मध्ये पुढे-मागे मिळून साधारण १६ अंश हालचाल होते आणि फिरण्याची जेमतेम २ अंश. चकतीच्या तंतूंना पीळ सोसत नाही. त्यांना सांभाळण्याचं काम मागचे हे दोन सांधे करतात.

भाराचा हिशेब अॅडम्स आणि हटन या संशोधकांनी १९८० मध्ये मृतदेहांतून घेतलेल्या मणक्यांवर केला होता. ताठ उभ्या स्थितीत मणक्यावरच्या दाबाचा साधारण १६ टक्के भाग फॅसेट सांधे उचलतात. पुढे वाकून बसलं की हा वाटा जवळजवळ शून्यावर येतो. आणि चकती बसली असेल तर ताठ उभं असताना तोच वाटा ७० टक्क्यांपर्यंत चढू शकतो. मावशींची चकती बसलेली होती. वर्षानुवर्षं त्या चालत होत्या, उभ्या राहत होत्या, आणि अंगठ्याच्या नखाएवढे दोन सांधे चकतीचं ओझं वाहत होते. ते सुजले, वाढले, आणि वाढता वाढता नळीत शिरले. पायांच्या नसा दाबणारी ती वाढ म्हणजे त्या सांध्यांनी इतकी वर्षं केलेल्या कामाचा घट्टा होता. मला हे रुग्णांना सांगायला आवडतं, कारण 'मणका सडला' असं ऐकून आलेल्या माणसाला त्यानं धीर येतो.

दाबापेक्षा निराळं बल म्हणजे पुढे ढकलणारं. वाकलेल्या अवस्थेत वरच्या धडाचं वजन मणक्यांना एकमेकांवर दाबतं, तसंच पुढेही ढकलतं. या ढकलण्याचा साधारण एक तृतीयांश भाग फॅसेट सांधे अडवतात, उरलेला चकतीवर जातो. आकडा लहान वाटेल, म्हणून वाकल्यावर एकूण जोर किती लागतो याचा, मावशींच्या रोजच्या कामावरून, ढोबळ हिशेब मांडते. एल ४–एल ५ च्या वरचं धड, डोकं, हात मिळून ३० किलो धरा. वाकल्यावर त्याचं वजन मणक्यापासून २५ सेंटीमीटर पुढे पडतं. हातात म्हशीच्या पाण्याची १० किलोची बादली, ती ४० सेंटीमीटर पुढे. पाठीचा स्नायू मात्र मणक्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे. तराजू समतोल राहायचा तर तीस गुणिले पंचवीस अधिक दहा गुणिले चाळीस, म्हणजे ११५० ला पाचनं भागायचं: स्नायूला २३० किलोच्या जोरानं ओढावं लागतं. हा सगळा जोर त्या एका पातळीतून जातो, दिवसातून किती वेळा ते म्हशी असलेल्या घरात कुणालाही विचारा.

मावशींच्या सीटी स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट होती. कमरेच्या खालच्या भागात या सांध्यांचे पृष्ठभाग थोडे आडवे वळलेले असतात आणि त्यामुळेच ते घसरण अडवू शकतात. त्यांचे जवळजवळ सरळ पुढे-मागे होते, रेल्वेच्या रुळांसारखे. कोयंडा होता, पण ज्या दिशेला घसरण होत होती त्या दिशेला त्याची अडवणूक कमी होती.

पहिलं ऑपरेशन

२०१८ च्या डिसेंबरात नळी मोकळी करण्याचं ऑपरेशन झालं. रुग्णालयाचं नाव इथे गरजेचं नाही आणि सर्जननं जे काम हाती घेतलं ते नीट केलं. एल ४ च्या मागचं हाडाचं छप्पर आणि मधला काटा काढला. काट्या-काट्यांना बांधणारी अस्थिबंधनं त्याबरोबर गेली. पिवळं अस्थिबंधन काढलं. नसा बाजूच्या कोपऱ्यात दबल्या होत्या म्हणून दोन्ही सांध्यांची आतली कड तासली. उजवीकडे एल ५ ची नस फारच अडकली होती, तिथे जास्त तासावं लागलं. पुढे केलेल्या सीटीत दिसलं की डावीकडचा सांधा साधारण दोन तृतीयांश शिल्लक आहे, उजवीकडचं एल ४ चं खाली उतरणारं टोक मात्र जवळपास संपलं आहे.

किती तासलं तर चालतं? आबुमी आणि पंजाबी या संशोधकांच्या गटानं १९९० मध्ये मृतदेहांतल्या कमरेच्या मणक्यांवर सांधे टप्प्याटप्प्यानं कापून हालचाल मोजली होती. दोन्ही बाजूंची आतली कड काढली तरी मणका फारसा सुटा होत नाही. पण एका बाजूचा सांधा पूर्ण गेला तरी तो अस्थिर होतो. मावशींचा मणका या दोन टोकांच्या मध्ये होता, आणि तोही आधीच घसरणारा.

हाडाच्या बरोबर आणखी एक गोष्ट गेली, जिच्याकडे एक्स-रे पाहणाऱ्याचं लक्ष जात नाही. मल्टिफिडस हा मणक्यालगतचा सर्वांत आतला स्नायू मधल्या काट्यांना चिकटलेला असतो. मधून आत शिरायचं तर तो सोलून बाजूला करावा लागतो आणि तास-दोन तास पकडीनं ताणून धरावा लागतो. त्याला येणारी नस फॅसेट सांध्याला अगदी बिलगून जाते. ती दुखावली तर स्नायू आतून वाळतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. मावशींचं छप्पर काढलं, कोयंडा तासला, आणि कोयंड्याच्या मदतीला असलेला पहारेकरीही अशक्त झाला.

पाय बरा, कंबर सुटी

पहिले चार महिने फार चांगले गेले. थांब्यापर्यंत काय, त्या दीड किलोमीटरवरच्या बाजारापर्यंत चालत जायच्या. पायातला दगड गेला होता. त्या आनंदात त्यांनी माझ्याकडे येणं बंद केलं आणि मीही फोन केला नाही, याची मला आजही खंत आहे.

२०१९ च्या दिवाळीच्या सुमारास परत आल्या तेव्हा दुखणं पायात नव्हतं. अंथरुणात कूस बदलताना कळ. वाकून उठताना अर्ध्यावर अडकायचं, मग दोन्ही हात मांड्यांवर रोवत, एकेक हात वर सरकवत सरळ व्हायचं. "मधीच काहीतरी सटकतंय," त्या म्हणाल्या. कंबरपट्टा घट्ट आवळला की बरं. वाकलेल्या अवस्थेत मी हातानं एल ५ च्या काट्याला आधार दिला की त्या न अडकता उठत.

पुढे आणि मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत सगळं दिसलं. मागे कलल्यावर घसरण ६ मिलिमीटर, पुढे वाकल्यावर ११. पाच मिलिमीटरचा हा फरक म्हणजे अस्थिर मणका. चार मिलिमीटरच्या वर गेलं की बहुतेक सर्जन तसंच मानतात. अकरा मिलिमीटर म्हणजे मणक्याच्या पुढून मागपर्यंतच्या मापाच्या जवळपास एक तृतीयांश.

ही अवस्था समजायला पंजाबी यांनी १९९२ मध्ये मांडलेली कल्पना मला सर्वांत उपयोगी वाटते. प्रत्येक सांध्यात मधोमध एक छोटा पट्टा असतो जिथे हालचालीला जवळपास विरोधच नसतो. नवं दार सहज फिरतं, पण चौकटीत खडखडत नाही. बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की तेच दार हलवलं नाही तरी वाऱ्यानं खडखडतं. एकूण हालचाल फारशी वाढलेली नसली तरी हा मधला खडखडाट वाढतो आणि दुखणं त्यातून येतं. तो आवरायला हाडं आणि अस्थिबंधनं हवीत, स्नायू हवेत, आणि स्नायूंना वेळेवर हुकूम देणाऱ्या नसा हव्यात. मावशींकडे तिन्हींतून काही ना काही गेलं होतं. म्हणून उठताना अर्ध्या वाटेवर, जिथे भार चकतीकडून सांध्यांकडे परतायला हवा, तिथे तो घ्यायला उजवीकडे कुणीच नव्हतं.

मग पहिल्याच वेळी स्क्रू टाकून मणके जोडायला हवे होते का? हा प्रश्न त्यांच्या मुलानं मला रागानं विचारला होता, आणि त्याला सरळ 'हो' म्हणणं अन्यायाचं झालं असतं. २०१६ मध्ये एकाच दिवशी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. स्वीडनमधल्या २४७ रुग्णांत नुसती नळी मोकळी करणं आणि सोबत मणके जोडणं यांत दोन वर्षांनी फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या, सगळ्यांना घसरण असलेल्या अभ्यासात मणके जोडलेल्यांची प्रकृती थोडी बरी राहिली, आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जोडलेल्यांत १४ टक्के तर न जोडलेल्यांत ३४ टक्के होतं. २०२१ मध्ये नॉर्वेतून २६७ रुग्णांचा अभ्यास आला: न जोडलेल्यांत ७१ टक्के आणि जोडलेल्यांत ७३ टक्के लोकांना ठरवलेल्या मापानं आराम पडला. पण तिथे नळी मोकळी करताना मधले काटे आणि अस्थिबंधनं राखली होती. माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. बहुतेकांना जोडणी लागत नाही, हे खरं. ज्यांना लागते ते आधी ओळखायचे तर उभ्या आणि आडव्या चित्रांतला फरक बघावा लागतो, सांध्यातलं पाणी बघावं लागतं, सांध्यांची दिशा बघावी लागते. मावशींच्या पिशवीत २०१८ मध्येच ही तिन्ही उत्तरं होती. मीही तेव्हा ती एकत्र वाचली नव्हती.

दुसरं ऑपरेशन

मार्च २०२० मध्ये ठरलेलं ऑपरेशन लॉकडाउनमुळे पुढे गेलं. मधल्या महिन्यांत फोनवरून व्यायाम, कंबरपट्टा, आणि म्हशी सुनेकडे. जानेवारी २०२१ मध्ये एल ४ आणि एल ५ मध्ये चार स्क्रू, दोन रॉड, आणि खराब चकती काढून तिच्या जागी हाड भरलेला पिंजरा बसवला. वर्षभरात दोन्ही मणके एक झाले.

खडखडाट त्याच दिवशी गेला. कूस बदलताना कळ नाही, उठताना अडकणं नाही. पिंजऱ्यानं चकतीची उंची परत आली, त्यामुळे नसांच्या बाजूच्या खिडक्याही मोठ्या झाल्या. आता गणित बदललं. कमरेच्या पाचही पातळ्या मिळून पुढे-मागे साधारण ७४ अंश हालचाल देतात. त्यातले एल ४–एल ५ चे १६ अंश कायमचे गेले. भांड्यांपर्यंत, म्हशीपर्यंत, जमिनीपर्यंत हात तर तितकाच पोचायला हवा. ते १६ अंश कुणाकडून तरी मागून घ्यावे लागतात: वरची एल ३–एल ४, खालची एल ५–सेक्रम (कमरेखालचं, कटीच्या मधलं त्रिकोणी हाड), किंवा खुबे.

शरीर सवयीनं शेजाऱ्याकडे मागतं. आणि वरचा शेजारी आधीच अडचणीत होता. एल ४ मध्ये स्क्रू जिथून आत जातो ती जागा एल ३–एल ४ च्या फॅसेट सांध्याच्या उंबरठ्यावर आहे. मावशींच्या उजव्या स्क्रूचं डोकं त्या सांध्याच्या कडेला टेकलेलं सीटीत दिसत होतं. त्याखाली आता न वाकणारा लोखंडासारखा ठोकळा होता, आणि त्याच्या टोकावर एल ३ रोज वाकत होता. तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती तिथेच तुटते, हे शेताच्या कुंपणाला तार ओढणाऱ्याला सांगायला नको.

दुसरं कारण बाकाचं. कमरेला आतल्या बाजूला जो बाक असतो त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग एल ४ आणि सेक्रमच्या मध्ये असतो. किती बाक लागेल हे पेल्विसच्या, म्हणजे कटीच्या हाडांच्या, घडणीवर ठरतं आणि ती घडण मोठेपणी बदलत नाही. ही घडण एका कोनात मोजतात आणि कमरेचा बाक साधारण तेवढाच लागतो. मावशींचा तो कोन ५६ अंश होता. दुसऱ्या ऑपरेशननंतर कमरेचा बाक ४४. बारा अंशांची तूट. दहाच्या आत असती तर बरं झालं असतं. ही तूट भरून काढायला त्या नकळत दोन गोष्टी करत होत्या: पेल्विस मागे फिरवून, गुडघे किंचित वाकवून उभं राहणं, आणि एल ३–एल ४ मध्ये जास्तीचं मागे कलणं. मागे कललं की भार फॅसेट सांध्यांवर जातो, हे वर आलंच आहे.

वरच्या मजल्यावरची तक्रार

२०२३ च्या उन्हाळ्यात नवं दुखणं आलं. जुन्या जखमेच्या व्रणाच्या चार बोटं वर, उजवीकडे. बसल्यावर नाही, चालताना फारसं नाही. भाकरी करायला ओट्याशी अर्धा तास उभं राहिलं की हमखास. मागे कलून उजवीकडे वळवलं की तिथेच बोट ठेवायच्या. उभ्या एक्स-रेत एल ३ आता एल ४ च्या मागे ३ मिलिमीटर सरकलेला, पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात सरळ होता. पायांत काही नव्हतं.

घिसेली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं की कमरेचे मणके जोडल्यावर शेजारच्या पातळीवर पुन्हा ऑपरेशन लागण्याइतका त्रास पाच वर्षांत साधारण १६ टक्के आणि दहा वर्षांत ३६ टक्के लोकांना होण्याचा अंदाज आहे. यातला काही भाग वयाचा आहे, सगळा दोष स्क्रूंचा नाही. पण मावशींच्या बाबतीत जागा, बाजू आणि सांधा तिन्ही जुळत होते.

वेदनातज्ज्ञांनी सांध्याकडे जाणाऱ्या दोन बारीक नसांना भूल दिली. एल ३–एल ४ च्या सांध्याला एल २ आणि एल ३ च्या नसांच्या फांद्या येतात, म्हणून सुई दोन जागी. काही तास दुखणं जवळपास गेलं. निदान पक्कं झालं आणि पुढचा सल्ला आला: त्याच फांद्या उष्णतेनं जाळायच्या. मी थोडं थांबायची विनंती केली. त्याच फांद्या मल्टिफिडसलाही जातात. खाली एकदा तो स्नायू वाळलेला आहे. वरच्या पातळीवर, जिथे आता सगळा ताण येतो, तिथेही त्याचा हुकूम तोडायचा का? डॉक्टरांनी तीन महिने दिले.

खुब्याकडून मागितलेले अंश

त्या तीन महिन्यांत कमरेचा एकही ताणाचा व्यायाम दिला नाही. खुबे तपासले तर उजवा खुबा मागे जेमतेम सरळ होत होता, पाच अंशही नाही. पेल्विस मागे फिरवून उभं राहणाऱ्या माणसाचा खुबा मागे जाण्याचा वाटा उभ्या-उभ्याच संपतो. मग पाऊल मागे टाकायला कंबरच कलावी लागते. पलंगाच्या कडेला झोपून एक गुडघा छातीशी धरायचा, दुसरी मांडी खाली लोंबू द्यायची, दिवसातून दोनदा. नितंबांचे स्नायू पुलाच्या व्यायामानं, म्हणजे उताणं झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलायचे, आधी दोन पायांवर, सहा आठवड्यांनी एका. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन, पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवल्यासारखी स्थिर ठेवून एकेक पाय मागे. तांब्या म्हटल्यावर त्यांना ते लगेच जमलं; 'पोटाचे स्नायू आवळा' म्हणून आठवडाभर जमलं नव्हतं.

खरा फरक कामांत पडला. वाकणं खुब्यातून शिकवलं: दार ढुंगणानं ढकलून लावतो तसं मागे जायचं, पाठ सरळ. पहिले काही दिवस दाराशीच सराव केला. ओट्याशी उभं राहताना एक पाय लाकडी पाटावर ठेवायचा, दर दोन-तीन भाकऱ्यांनी पाय बदलायचा. पाय उचलला की पेल्विस थोडा वळतो आणि एल ३–एल ४ मागे कलत नाही. उकिडवं बसणं बंद झालं, शौचाला खुर्चीचं कमोड आलं. उकिडवं बसताना खुबे पूर्ण मिटले तरी कमरेला शेवटपर्यंत गोल व्हावं लागतं आणि ते गोल होणं आता उरलेल्या पातळ्यांवरच पडतं. खुरपणीऐवजी मुलानं सायकल कोळपं आणलं. उभं राहून, जरा पुढे झुकून ढकलायचं. २०१८ मध्ये सायकलच्या हँडलवर त्यांना जो आराम मिळाला होता, तोच इथेही.

तीन महिन्यांनी उजवा खुबा पंधरा अंश मागे जाऊ लागला. दहापैकी सात असलेलं दुखणं तीनवर आलं. नसा जाळायची वेळ आली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये त्या शेवटच्या आल्या. एल ३ चे ३ मिलिमीटर तेवढेच आहेत. पुढचा उभ्यानं काढायचा एक्स-रे वर्षभरानं. तोवर वैरणीचा भारा डोक्यावर घ्यायचा नाही असं आमचं ठरलं आहे. सून म्हणाली, अर्धा भारा त्या अजून घेतात, आणि मावशींनी ते नाकारलं नाही.